आबा, तुम्ही दोर का धरला नाहीत

आबा,

मी तुमच्यावर रागावले आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. परवा तुमचं तेरावं झालं. माणसं जेवून उठली, मांडव सुटला, आणि मी पवनानगरहून कामशेतला आणि कामशेतहून लोणावळ्याला बसनं परत आले. वाटभर तुमच्याशी भांडत होते. घरी पोचल्यावर वहिनींनी विचारलं, "वन्सं, रडलात का?" मी म्हटलं, "कशासाठी रडायचं ते कळलं की रडेन." त्यांना ते उद्धट वाटलं असणार. पण खरंच तसं आहे. तुमच्या जाण्याबद्दल रडायला बसले की तुमच्या शेवटच्या वर्षाचा राग येतो, आणि राग धरून बसले की माझे पाय दिसतात. कॅलिपर लावलेले, कुबडीच्या आधाराचे का होईना, पण जमिनीवर टेकलेले पाय. ते तुम्ही उभे केलेत. मग राग कुणावर धरायचा?

तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा मी मधल्या खोलीत खाटेवर पडलेली होते. शाळेत नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. ताप आला, तो उतरला, आणि उतरताना पाय घेऊन गेला. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी पोलिओ म्हणून सांगितलं. शेक द्या, मालिश करा, व्यायाम करवून घ्या, आणि जमेल तेव्हा दाखवायला आणा. शेक वहिनी देत. मालिशला एक बाई येई. व्यायाम मात्र कुणाला कळत नव्हता, कारण जो पाय हलतच नाही त्यानं व्यायाम करायचा कसा? दादा माझा पाय धरून वरखाली करी आणि मी छताकडे बघत राही.

दादा लहानपणी तुमच्या तालमीत जात असे. तुम्ही शाळेत ड्रिल मास्तर होतात, पण गाव तुम्हाला वस्ताद म्हणायचं. दादाच्या तोंडून ऐकलंत आणि एका संध्याकाळी आलात. पायताण बाहेर काढलंत, डोक्यावरची टोपी सारखी केलीत आणि खाटेशेजारी उकिडवे बसलात. मला वाटलं, आता देवाचं नाव घ्यायला सांगतील.

"कुटला हालतुया?" तुम्ही विचारलंत.

"एकही नाही."

"येकबी न्हाई, का उचलत न्हाई?"

मला तुमचा प्रश्नच कळला नाही. तुम्ही वहिनींकडून जुनं लुगडं मागून घेतलंत. त्याची घडी घातलीत, दोन्ही टोकांना दोर बांधलेत आणि ते तुळईवरून टाकलेत. मला कुशीवर वळवून माझा वरचा पाय त्या झोळीत ठेवलात. पाय हवेत तरंगायला लागला. मग म्हणालात, "आता पुडं ढकल. जोर लावू नको, नुसतं मनात आन."

मी मनात आणलं. पाय बोटभर पुढे गेला आणि मागे आला. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"जीव हाय त्यात," तुम्ही म्हणालात. "पन सोताचं वजन उचलंल येवढा न्हाई. वजन आपन उचलू. हालवायचं काम त्यानं करायचं."

आबा, त्यानंतर आपण दोघांनी जी जी उपकरणं बनवली, ती सगळी या एका वाक्यातून निघाली. आणि शेवटी हेच वाक्य मी तुमच्या खाटेशेजारी बसून तुम्हाला ऐकवत राहिले, तर तुम्ही ते बाजूला सारलंत. इथेच माझं डोकं चालेनासं होतं.

पण मला आधी चांगलं आठवायचं आहे.

झोळीनंतर कप्पी आली. कुणाच्या तरी बुजवलेल्या विहिरीवरची ती कप्पी तुम्ही घासूनपुसून आणलीत आणि तुळईला टांगलीत. दोराचं एक टोक माझ्या पायाच्या झोळीला, दुसरं माझ्या हातात. हातानं दोर ओढायचा, पाय वर जायचा. म्हणजे माझ्या पायाला माझाच हात मदत करणार, दुसरं कुणी नको. तुम्हाला ते फार महत्त्वाचं वाटायचं. "दुसऱ्यानं पाय उचलला तर पाय दुसऱ्याचा हुतो," असं म्हणायचात. मला तेव्हा ते तालमीतलं बोलणं वाटलं होतं. पण पहिल्यांदा दोर ओढून माझा पाय मी वर नेला, तेव्हा तो किती दिवसांनी माझा वाटला ते मी कुणालाच सांगितलं नाही. तुम्हालाही नाही.

तुम्ही चुकलातही. तुम्ही पैलवान. अंग दमलं की अंग वाढतं, हे तुमच्या हाडात बसलेलं. पाय हलतोय म्हटल्यावर तुम्ही मला थांबू देईनात. आणखी, आणखी. मीही हट्टी. दोघांनी मिळून असा काही पाय दमवला की हलणारा पाय पुन्हा हलेनासा झाला. दादानं मला पुण्याला नेलं, तुम्हीही बरोबर आलात. डॉक्टरीणबाईंनी तुमची झोळी आणि कप्पी कशी असते ते कागदावर काढून घेतलं, बरी आहे म्हणाल्या, आणि मग तुमच्याकडे वळून शांतपणे सांगितलं, "वस्ताद, हा पाय पैलवानाचा नाही. यात थोडेच स्नायू उरलेत. ते दमायच्या आधी थांबायचं. दमल्यावर थांबलात तर उशीर झाला." गुडघा मागे वाकतो, त्याला खालून आधार द्या, हेही त्यांनीच दाखवलं.

बाहेर पायरीवर तुम्ही बराच वेळ बसून होतात. मला वाटलं, आता हे परत यायचे नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणालात, "थांबायचं कसं ते कुनी शिकवलंच न्हवतं आमाला." पुढच्या खेपेला दोराला एक गाठ मारून आलात. ती गाठ कप्पीत अडकायची आणि पाय त्यापुढे जायचाच नाही. मांडीचा थरकाप सुरू झाला की त्या दिवसाचं काम संपलं, हा नियम तुम्ही केलात. त्यानंतर तुमच्या प्रत्येक उपकरणात कुठे ना कुठे एक अडसर असे. बाकीच्यांना तो दोष वाटायचा. मला माहीत होतं तो कुठून आला.

मग सायकल. मोडक्या सायकलचं दात्यांचं चाक आणि पायटे तुम्ही एका फळीवर ठोकून आणलेत. मी खुर्चीत बसायची, फळी समोर जमिनीवर, आणि पाय पायट्यांवर. पाय घसरायचे. चांभाराकडून चामड्याचे टाचेचे खोळंबे शिवून घेतलेत. तुम्ही त्यांना खोळंबेच म्हणायचात, कारण ते पायाला खोळंबवून ठेवायचे. ते माझ्या टाचेला काचले. मी दाखवलं कुठे, तुम्ही कापलंत. पुन्हा दुसरीकडे काचले, पुन्हा कापलंत. असं करत करत जे उरलं ते माझ्या टाचेसारखं झालं. मग पाय फिरवला तर अख्खी फळीच उलटायला लागली. त्या दिवशी वहिनी घरभर पाटा शोधत होत्या आणि पाटा माझ्या फळीच्या मागच्या टोकावर वजनाला ठेवलेला होता. तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "वरवंटा हाय की जागेवर." वहिनी हसल्या. त्या आजारपणात त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

परसात तुम्ही दोन आडवे बांबू बांधून दिलेत, त्यांच्या मधून मी चालायला शिकले. लोणावळ्याच्या पावसात त्यांच्यावर शेवाळ चढलं, हात सरकायला लागले, तेव्हा तुम्ही त्यांना काथ्याचा दोर गुंडाळलात. माझ्या तळहातांना त्याचे घट्टे पडले. शाळेत पुन्हा रुजू झाले तेव्हा एका मुलीनं ते बघून विचारलं, "बाई, तुम्ही शेतात काम करता?" मी हो म्हणून सांगितलं.

एव्हाना मी तुम्हाला आबा म्हणायला लागले होते. आणि कुणाचं काय अडलं की लोक तुमच्याकडे यायला लागले होते. बेडशाच्या एका म्हातारीचा खांदा आखडला होता, हात वर जाईना. तुम्ही तिच्या भिंतीत खालून वर खुंट्या ठोकल्यात. बोटांनी एकेक खुंटी धरत हात वर चढवायचा. ती चढवीना. मी म्हटलं, तिला वर काही कारण द्या. मग तुम्ही वरच्या खुंटीपाशी फळी मारलीत आणि तिची तंबाखूची पिशवी तिथे ठेवलीत. महिन्याभरात म्हातारीचा हात तिथे पोचला. "पोरगी हुशार हाय," तुम्ही माझ्याबद्दल मावशींना सांगितलंत. तुमच्या बायकोला मी मावशी म्हणायची. त्यांनीच मला हे सांगितलं. तोंडावर तुम्ही कधी बोलला नाहीत.

आपला खरा वाद धोंडूवरून सुरू झाला.

धोंडू आंदर मावळातल्या ठाकरवाडीचा. हिरडा काढताना झाडावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्याचा भाऊ तुम्हाला न्यायला आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "कुसुमला घेऊन येतो." मी म्हटलं, मी कशी येणार? "गाडीत बसून," तुम्ही म्हणालात. गावापर्यंत बैलगाडी गेली. पुढची चढण मला दोघांनी घोंगडीच्या डोलीत घालून नेलं. झोपडीच्या दारात मला उतरवलं, कुबड्या हातात दिल्या, तेव्हा आत पडलेला धोंडू माझ्याकडे बघून म्हणाला, "ही मला चालवनार व्हय?" आणि हसला. मीही हसले. त्याची म्हातारी आई मात्र हसली नाही. ती कोपऱ्यात बसून तुमच्या हातांकडे बघत होती, जणू त्यातून काही निघणार आहे.

झोपडीला आधाराची तुळई नव्हती. छप्पर इतकं खाली की तुम्हाला वाकून उभं राहावं लागत होतं. तुम्ही धोंडूच्या पायांना काट्यानं टोचून पाहिलंत. मांडी, पोटरी, तळवा. धोंडू छपराकडे बघत होता. तुम्ही त्याचे पाय पुन्हा पांघरुणात झाकलेत आणि मला म्हणालात, "बाहेर जाऊन म्हातारीशी बोल जरा." मी तिला घेऊन अंगणात गेले. आत तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नाही.

त्याच्या पायांसाठी तुम्ही काहीच बनवलं नाहीत. पायथ्याशी मेख ठोकून तिला गाठी मारलेला दोर बांधलात, तो ओढून त्यानं उठून बसायचं. आणि मुठी असलेले दोन लाकडी ठोकळे दिलेत. ते दोन्ही बाजूंना टेकून अंग वर उचलायचं, म्हणजे पाठीला आणि बैठकीला जखमा होत नाहीत. हळूहळू त्याच ठोकळ्यांवर तो अंग पुढे टाकायला शिकला. ठोकळे जड होते. मी म्हटलं, हलके करा. तुम्ही म्हणालात, हात वाढू दे, मग करू. त्यावरही आपण भांडलो आणि तुम्ही ते हलके केलेत. दोन-तीन पावसाळ्यांत धोंडूचे खांदे तुमच्या तरुणपणी असतील तसे झाले. तो अंगणात यायला लागला, टोपल्या विणायला लागला, खडकावर बसून शेरडं राखायला लागला.

आणि दर खेपेला, आपण निघायच्या वेळी, आईच्या देखत तो विचारायचा, "वस्ताद, पाय कवा?"

तुम्ही म्हणायचात, "आदी हात हूं दे."

म्हातारी मान डोलवायची.

परतीच्या वाटेवर मी संतापलेली असायची. गाडीत तुमच्याशेजारी बसून मी काय काय बोलले आहे. हे खोटं आहे आबा. त्याला पाय येणार नाहीत हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो वाट बघतोय. त्याला सांगा. तुम्ही बैलांकडे बघत राहायचात. फार झालं की म्हणायचात, "कुसुम, काम चाललंय नव्हं?" मी म्हणायचे, काम खोट्यावर चाललंय. तुम्ही म्हणायचात, "मंग तू सांग." आणि मला ते जमायचं नाही, म्हणून मी आणखी चिडायचे. हा वाद आपण किती वर्षं घातला. धरणाचं काम चालू होतं तेव्हा तोच, तुमचं मूळ गाव पाण्याखाली जाणार म्हणून नव्या गावठाणात घरं झाली तेव्हा तोच. तुम्ही नोकरीतून मोकळे होऊन पवनानगरला नामदेवकडे राहायला गेलात, मुलाच्या नव्या घरात, तरी मी आले की चहा व्हायच्या आत आपण धोंडूवर येऊन पोचायचो. मावशी म्हणायच्या, "ह्या दोघास्नी दुसरं बोलनं न्हाई."

मग तुम्हाला झटका आला.

उजवं अंग गेलं. बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला. नामदेवनं निरोप पाठवला, मी आले, तुमच्या खाटेशेजारी बसले आणि विचारलं, "आबा, ओळखलंत का?"

"व्हय," तुम्ही म्हणालात.

मला इतका आनंद झाला. मी म्हटलं, "दुखतंय का कुठे?"

"व्हय."

"कुठे? इथे?"

"व्हय."

"की इथे?"

"व्हय."

नामदेव माझ्या मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, तेवढंच म्हंत्यात. समद्याला."

तरी मी खचले नाही. मला वाटलं, हे तर आपलंच काम आहे. नामदेवनं छताच्या लोखंडी नळीला कप्पी बसवली. मी स्वतः झोळी शिवली, दोराला गाठ मारली, दोराच्या टोकाला हातात धरायला वळं केलं आणि त्याला कापड गुंडाळलं म्हणजे हाताला काचणार नाही. उजवा हात झोळीत, दोराचं दुसरं टोक डाव्या हातात. तुमचीच रचना, फक्त पायाच्या जागी हात. मी म्हटलं, "आबा, धरा. वजन आपण उचलू. हालवायचं काम त्यानं करायचं."

"व्हय," तुम्ही म्हणालात.

आणि डाव्या हातानं ते वळं घेतलंत, आणि पांघरुणावर बाजूला ठेवलंत. फेकलं नाहीत. नीट ठेवलंत, आपण जेवण झाल्यावर ताट सारतो तसं.

मला वाटलं, पहिला दिवस आहे. पण पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी बसनं यायची, कुबडी भिंतीला टेकवायची, दोर तुमच्या हातात द्यायची, तुम्ही "व्हय" म्हणायचात आणि तो बाजूला ठेवायचात. मी समजावलं, विनवलं, एकदा तर ओरडले. म्हटलं, तुम्ही मला रडत असताना उठवलंत, आणि आता स्वतःवर आल्यावर हे? मावशी दारातून आत आल्या आणि तुम्ही हसलात. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, त्यामुळे ते हसणं की दुसरंच काही, तेही मला कळलं नाही.

मी सगळ्यांना विचारत सुटले. नामदेव म्हणाला, "जमिनीवर पानी आलं तवाच त्यांचं मन गेलं. मागल्या पावसाळ्यापासनं तळ्याकडं तोंड करून बसायचे, तुमी बघितलं न्हाई." मावशी म्हणाल्या, "दुसऱ्याकडून करून घ्यायची सवय न्हाई त्यांना. लाज वाटती." पुण्याला त्याच डॉक्टरीणबाईंना मी गाठलं. त्या आता म्हाताऱ्या झाल्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कदाचित त्यांना तुमचे शब्द कळत नसतील. किंवा कळत असतील, पण कळलेलं हातापर्यंत पोचत नसेल. अशा झटक्यात तसं होतं. तो नकार असेलच असं नाही, बाई."

मी तो आधार धरून परत आले. नकार नाही, पोचत नाही. मग पुढच्या रविवारी मी तुम्हाला पारखायचं ठरवलं. विचारलं, "आबा, मी कुसुम ना?"

"व्हय."

"मी तुमची आई ना?"

"व्हय," तुम्ही म्हणालात, आणि खदखदून हसलात. मावशीही हसल्या. म्हणजे तुम्हाला कळत होतं. मग कळत होतं तर दोर का नाही धरलात? आणि कळत नव्हतं तर हसलात कशाला? डॉक्टरीणबाईंचं बोलणं आणि तुमचं हसणं मी कितीदा शेजारी शेजारी ठेवून बघितलं आहे. एकाला धरलं की दुसरं सुटतं.

त्याच दिवशी आणखी एक झालं. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी दमून तुमच्या खाटेवर पायाशी बसले होते, कॅलिपर सोडून ठेवलं होतं. तुम्ही डावा हात लांब करून माझा गुडघा चाचपलात. अगदी पूर्वीसारखा, अंगठा वाटीच्या कडेला आणि बोटं खाली. मग दोराकडे बोट दाखवलंत. मी पुन्हा दोर तुमच्या हातात दिला. तुम्ही तो माझ्या मांडीवर ठेवलात. पुन्हा बोट दाखवलंत. मी काय समजायचं होतं? मी तुमच्या खाटेशेजारी चटईवर आडवी झाले, पाय झोळीत घातला आणि दोर ओढला. नामदेवची बायको आत आली, मला तसं बघून आल्या पावली परत गेली. तुम्ही माझ्या मांडीकडे बघत होतात. थरकाप सुरू झाला तेव्हा तुम्ही हात वर केलात. मी थांबले.

तो हात तुमचा होता, आबा, आणि तो हुकूम पोचत होता. माझ्यासाठी पोचत होता. तुमच्यासाठी का नाही?

त्यानंतरचे रविवार मी तुमच्याकडे येऊन माझाच व्यायाम करत होते. लाज वाटायची. ज्याचा हात धरायला आले तो मला बघतोय आणि मी दोर ओढतेय. पण तुमचा चेहरा त्या वेळी निवांत असे, आणि मावशींना वाटायचं की तुम्ही त्या दिवशी घास जास्त घेता. मी विचार करणं सोडून दिलं. सोडलं म्हणजे लांबणीवर टाकलं. शेवटच्या रविवारी निघताना मी विचारलं, "आबा, पुढच्या रविवारी येऊ ना?" तुम्ही म्हणालात, "व्हय." गुरुवारी नामदेवचा निरोप आला.

परवा, तेराव्याला, धोंडू आला होता. आंदर मावळातून पवनानगरपर्यंत. भावानं त्याला पाठीवर, मग गाडीत, मग बसमध्ये घालून आणलं. मांडवाच्या कडेला त्याला बसवलं तर तो स्वतः ठोकळे टेकत तुमच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आला. मी तिथेच बसले होते. त्याची आई दिवाळीच्या आधी गेली, तुम्ही आजारी असतानाच, ते मला त्या दिवशी कळलं. मी हळहळले. म्हटलं, "शेवटपर्यंत वाट बघत होती ती, तुझ्या पायांची."

"व्हय," धोंडू म्हणाला. "म्हनून तर."

"म्हणून काय?"

"वस्तादांनी मला पयल्याच दिशी सांगितलं व्हतं, ताई. तुमी आईला घेऊन भायेर गेल्तावा नव्हं, तवा. म्हनले, धोंडू, पाय गेलं. हात ऱ्हायल्यात. मी म्हनलं, आईला नका सांगू, ती जेवायची न्हाई. कुनालाच नका सांगू, वाडीत बोलनं फिरतं. म्हनले, न्हाई सांगत. मंग मी आईच्या म्होरं इचारायचो, आन् ते म्हनायचे, आदी हात हूं दे."

तो सहज सांगत होता, जणू मलाही हे केव्हापासून माहीत असणार.

आबा, तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी वाडीतली नव्हते. मी कुणाला सांगितलं असतं? एवढी वर्षं बैलगाडीत, बसमध्ये, चहावर मी तुम्हाला खोटारडे म्हणत होते आणि तुम्ही ऐकून घेत होतात. एकदा तरी म्हणायचंत, कुसुम, गप बस, त्याला माहीत आहे. कदाचित म्हातारीच्या समोर माझा चेहरा मला सांभाळता आला नसता, हे तुम्हाला ठाऊक असेल. माझा चेहरा कधीच काही लपवत नाही. की दिलेला शब्द तुमच्यापुरता एवढा सरळ होता, की त्यात मला कुठे बसवावं हे तुमच्या मनातच आलं नाही? आणि मग परवापासून आणखी एक विचार पोखरतो आहे. त्या पहिल्या संध्याकाळी, माझ्या पायाला लुगड्याची झोळी बांधल्यावर, बाहेर ओटीवर तुम्ही आणि दादा बराच वेळ बोलत होतात. माझ्याबद्दल तुम्ही कुणाला काय न सांगण्याचं कबूल केलं होतंत? दादाला विचारलं तर तो म्हणतो, आठवत नाही. मी आणखी विचारलं नाही. आता माझं जे चालणं आहे ते आहे, आणि त्यात मला पुष्कळ आहे.

तुमचे उपकार मोजायला मी बसलेले नाही. पण तुमच्यामुळे मी शाळेत उभी राहून शिकवते, हे खरं. धोंडू उन्हात बसतो, हे खरं. तुम्ही स्वतःसाठी दोर धरला नाहीत, हेही खरंच. ही तिन्ही एका माणसात कशी बसवायची, ते मला येत नाही. कधी वाटतं, तुम्ही स्वतःला काट्यानं टोचून बघितलं असेल, आणि धोंडूला सांगितलंत तसंच स्वतःलाही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असेल. कधी वाटतं, मी आपली उगाच गोष्ट रचते आहे. झटका आला, डोक्यातलं काही तुटलं, एवढंच झालं असेल.

निघायच्या वेळी भाऊ धोंडूला उचलायला आला. धोंडूनं त्याला थांबवलं आणि मला विचारलं, "ताई, शेवटाला तुमी व्हता न्हवं जवळ? काय म्हनले वस्ताद?"

शेवटच्या रविवारी जे ऐकलं होतं ते सांगितलं. "व्हय म्हणाले."

धोंडूनं मान हलवली. "मंग झालं," तो म्हणाला, आणि भावाच्या गळ्यात हात टाकला.

त्याचं झालं, आबा. माझं अजून व्हायचं आहे.

तुमची,
कुसुम